नऊ पाने, तीस वर्षे

13 नोव्हेंबर 1957. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागातले गोळ्या-चॉकलेटांचे एक दुकान. दुकानाच्या मालकाकडे नोटरीचा परवाना होता. कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. करणारा सदतीस वर्षांचा एक विद्यार्थी त्याच्याकडे वही घेऊन आला. वहीची पहिली नऊ पाने गणितांनी, आकृत्यांनी आणि बारीक अक्षरांतल्या टिपणांनी भरलेली होती. दुकानदाराने एकेका पानावर सही करून तारीख घातली. विद्यार्थ्याचे नाव गॉर्डन गुल्ड. दुकानदाराचे आडनावही गुल्डच. नाते मात्र काही नव्हते.

त्या वहीच्या पहिल्या पानावर एक नवा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता : लेसर. आज डोळ्यांची शस्त्रक्रिया, पोलादाचे पत्रे कापणारी यंत्रे, दुकानातल्या वस्तूवरच्या काळ्या पट्ट्या वाचणारे उपकरण, समुद्राखालून जाणाऱ्या इंटरनेटच्या तारा हे सारे लेसरवर चालते. पण या शोधाचा कायदेशीर धनी कोण, हे ठरायला त्या सहीनंतर तीस वर्षे लागली. विसाव्या शतकातल्या सर्वांत लांबलेल्या पेटंट-लढ्यांपैकी हा एक. कल्पना, सिद्धान्त आणि यंत्र या तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि कायदा त्या तिघींना वेगवेगळ्या तराजूत तोलतो, हे या लढ्याइतके स्वच्छ क्वचितच दिसले असेल.

गुल्डच्या वहीत नेमके काय होते, ते आधी पाहू. 1917 साली आइन्स्टाइनने दाखवून दिले होते की, ऊर्जा साठवून बसलेल्या अणूवर योग्य तरंगलांबीचा प्रकाशकण येऊन आदळला, तर तो अणू आपली ऊर्जा अगदी तशाच दुसऱ्या प्रकाशकणाच्या रूपाने सोडतो. एकाचे दोन होतात, दोनाचे चार. मात्र एरवी कुठल्याही पदार्थात ऊर्जा साठवून बसलेले अणू थोडे असतात आणि रिकामे अणू जास्त, त्यामुळे प्रकाश वाढण्याऐवजी शोषला जातो. हे प्रमाण उलटे केले, तरच प्रकाशाचे प्रवर्धन होते. सूक्ष्मतरंगांच्या बाबतीत हे कोलंबियातच साध्य झाले होते. चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 साली अमोनिया वायू वापरून मेसर हे उपकरण चालवून दाखवले. पण त्यातल्या तरंगांची लांबी सव्वा सेंटिमीटर होती. अशा लाटांना कोंडायला धातूची एक लहान पेटी पुरते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या सुमारे वीस हजारांव्या हिश्श्याएवढी. तेवढ्या मापाची पेटी बनवायची कशी? आणि मोठी पेटी वापरली, तर आत हजारो प्रकारच्या लाटा एकदम उसळून गोंधळ माजतो.

गुल्डने पेटीच काढून टाकली. त्याने एक लांब नळी कल्पिली. तिच्या दोन्ही टोकांना एकमेकांशी समांतर, अतिशय सपाट आरसे बसवायचे आणि बाजू मोकळ्या सोडायच्या. केशकर्तनालयात समोरासमोर लावलेल्या आरशांत आपले प्रतिबिंब जसे पुन्हा पुन्हा उमटत जाते, तसा नळीच्या अक्षावरून सरळ जाणारा प्रकाश इकडून तिकडे फेऱ्या मारत राहील आणि प्रत्येक फेरीत वाढत जाईल. तिरका जाणारा प्रकाश मोकळ्या बाजूंतून निघून जाईल. एक आरसा किंचित पारदर्शक ठेवला की, आतून अरुंद, सरळ आणि एकाच रंगाचा झोत बाहेर पडेल. अणूंना ऊर्जा पुरवण्यासाठी बाहेरून तीव्र दिव्याचा प्रकाश टाकण्याची सोय त्याने सुचवली. पुढे जाऊन त्याने हेही लिहिले की, असा झोत एका बिंदूवर एकवटला तर प्रचंड तापमान निर्माण करता येईल. रडार, अतिसूक्ष्म मोजमाप आणि अणुकेंद्रांचे संमीलन असे उपयोगही त्याने नोंदवून ठेवले. प्रकाशाचा हा स्रोत केवळ पाहण्यासाठी नाही, तर पदार्थावर काम करण्यासाठी आहे, हे त्याला त्या पहिल्याच बैठकीत दिसले होते. बावीस वर्षांनी याच मुद्द्यावर त्याला एक पेटंट मिळणार होते.

ही दृष्टी त्याला मिळाली ती त्याच्या शिक्षणातून. येल विद्यापीठात त्याने प्रकाशशास्त्राचा अभ्यास केला होता. दोन समांतर आरशांमध्ये प्रकाश खेळवून त्याचे मोजमाप करणारे फॅब्री-पेरो उपकरण त्याच्या हातातले होते. कोलंबियात पॉलिकार्प कुश यांच्या मार्गदर्शनाखाली तो थॅलियम धातूच्या अणूंवर काम करत होता. त्या प्रयोगासाठी त्याने एक नवे तंत्र उचलले होते : दिव्याच्या प्रकाशाने अणूंना वरच्या ऊर्जापातळीवर चढवणे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड कास्लर यांनी हे तंत्र विकसित केले होते आणि त्यासाठी त्यांना 1966 साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे आरसे एका विद्येतून आले, दिवा दुसऱ्या विद्येतून आला. दोन्ही ज्याच्या हाताखालून गेल्या होत्या, त्याच्याच डोक्यात त्यांची गाठ पडली.

आणि तरीही तो एकटा नव्हता. मेसर प्रकाशाच्या तरंगलांबीपर्यंत नेता येईल का, हा प्रश्न टाउन्स यांनाही पडला होता. त्यांनीही 1957 च्या सप्टेंबरमध्ये आपल्या वहीत यासंबंधी टिपण करून साक्षीदाराची सही घेतली होती. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी गुल्डशी थॅलियमच्या दिव्यांबद्दल बोलणे केले : हे दिवे किती तेजस्वी असतात, ते बनवतात कसे. टाउन्स यांच्या दृष्टीने ती एका जाणकाराकडून घेतलेली माहिती होती. गुल्डच्या पोटात मात्र धस्स झाले. टाउन्स कुठे निघाले आहेत, हे त्याने ओळखले. त्यानंतर काही दिवसांतच तो वही घेऊन नोटरीकडे गेला.

इथवर सारे योग्य झाले. पुढच्याच पावलाला घात झाला. 1958 च्या सुरुवातीला गुल्ड एका पेटंट-वकिलाला भेटला आणि त्या भेटीतून एक चुकीची समजूत घेऊन बाहेर पडला : आधी चालते यंत्र बनवायला हवे, मगच अर्ज करता येतो. कायदा असे म्हणत नव्हता. त्या क्षेत्रातल्या जाणकाराला यंत्र बनवता येईल इतके स्पष्ट वर्णन कागदावर असले, तर तेवढे पुरेसे होते. पण समजूत पक्की झाली आणि यंत्र बनवण्यासाठी गुल्डने विद्यापीठ सोडले. पीएच.डी. अर्धीच राहिली, ती कायमची. न्यूयॉर्कमधल्या टीआरजी नावाच्या लहानशा संशोधन-कंपनीत तो रुजू झाला.

दरम्यान टाउन्स आणि त्यांचे मेव्हणे आर्थर शॉलो हे दोघे बेल प्रयोगशाळेसाठी त्याच प्रश्नावर काम करत होते. समांतर आरशांचा उपाय शॉलो यांनाही सुचला. बेल प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाला आधी यात काही राम वाटला नाही. टेलिफोन कंपनीला प्रकाशलहरींचा काय उपयोग, असे त्यांचे म्हणणे होते. टाउन्स यांनी आग्रह धरला, म्हणून 30 जुलै 1958 रोजी अर्ज दाखल झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघांचा शोधनिबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. 22 मार्च 1960 रोजी त्यांना पेटंट मिळाले. गुल्डचा अर्ज दाखल झाला 6 एप्रिल 1959 रोजी, म्हणजे त्यांच्यानंतर आठ महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर.

त्या अर्जात गुल्डने सुचले ते सारे घातले होते. दिव्याने ऊर्जा देण्याची पद्धत, वायूच्या नळीत विद्युत्‌प्रवाह सोडून अणूंच्या टकरींमधून ऊर्जा देण्याची पद्धत, ऊर्जा साठवून एका क्षणात सोडण्याची युक्ती, विशिष्ट कोनात तिरकी बसवलेली काच, आणि उपयोगांची लांबलचक यादी. शंभराहून अधिक पानांचा तो अर्ज पेटंट कार्यालयाच्या दृष्टीने एक शोध नव्हताच. ते अनेक शोधांचे गाठोडे होते. त्याचे तुकडे करून प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा लागणार होता. प्रकरण लांबण्याचे एक मोठे मूळ इथेच रुजले.

टीआरजीमध्ये जे घडले, त्याला अन्याय याशिवाय दुसरा शब्द नाही. सोव्हिएत रशियाच्या स्पुटनिक उपग्रहाच्या धक्क्यानंतर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने नव्या संशोधनासाठी आर्पा ही संस्था स्थापन केली होती. तिच्याकडे टीआरजीने लेसरसाठी 3 लाख डॉलर मागितले. अधिकाऱ्यांना कल्पना इतकी पटली की, त्यांनी जवळजवळ 10 लाख डॉलर दिले. पैशाबरोबर एक अटही आली : हा प्रकल्प गोपनीय राहील. गोपनीय कामासाठी प्रत्येकाची सुरक्षा-तपासणी व्हायची आणि त्या तपासणीत गुल्डला मंजुरी नाकारण्यात आली.

कारण जुने होते. तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, गुल्ड आणि त्याची पहिली पत्नी मार्क्सवादी अभ्यासगटात जात असत. त्यापायी अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पातले त्याचे काम सुटले होते. 1954 साली, साम्यवादी म्हणून माणसे हुडकून काढण्याची लाट भरात असताना, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातली त्याची शिकवण्याची नोकरीही गेली, कारण जुन्या साथीदारांची नावे सांगायला त्याने नकार दिला. साम्यवादी पक्षाशी त्याचा संबंध कधीच तुटला होता. पण सरकारी कागद विसरत नाही.

परिणाम असा झाला की, ज्याच्या कल्पनेवर हा प्रकल्प उभा होता, त्यालाच प्रकल्पाच्या खोलीत जाता येईना. त्याला वेगळ्या जागी बसवले गेले. सहकारी येऊन त्याला प्रश्न विचारू शकत, पण त्याच्या उत्तराचा पुढे काय उपयोग झाला, हे त्याला सांगू शकत नसत. त्याच्या स्वतःच्या टिपणवह्याही गोपनीय ठरल्या. विचार त्याचे, अक्षर त्याचे, आणि वाचायला मनाई त्यालाच. या मनाईची किंमत त्याने मोजलीच, पण प्रकल्पानेही मोजली. पैसा होता, माणसे होती, पण वाट ज्याला ठाऊक होती, तो दाराबाहेर होता.

शर्यत जिंकली तिसऱ्यानेच. कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथे ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी 16 मे 1960 रोजी जगातला पहिला लेसर चालवून दाखवला. छायाचित्रकार वापरतात तसला झगझगणारा सर्पिल दिवा, त्याच्या मधोमध कृत्रिम माणकाचा बोटाच्या पेराएवढा दांडा, दांड्याच्या टोकांवर चांदीचा मुलामा. माणकातून लेसर निघणे शक्य नाही, असे कित्येक तज्ज्ञ मानत होते. मेमन यांनी स्वतः मोजमापे घेतली आणि जुने आकडे चूक असल्याचे दाखवले. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ने त्यांचा निबंध परत पाठवला, तो ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेल प्रयोगशाळेत अली जावन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलियम-निऑन वायूंचा अखंड चालणारा लेसर पेटवला. टीआरजीने मुळात आखलेला लेसर चालला तो 1962 साली.

यानंतर लेसरची विद्या झपाट्याने पसरली आणि तिच्यात आपल्या मातीतला एक माणूस अग्रभागी होता. चंद्र कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म 1938 साली बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1958 साली पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि 1961 साली बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर शोधला. नळीत नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र भरायचे. विद्युत्‌प्रवाहाने नायट्रोजनचे रेणू ऊर्जा घेतात आणि टकरीतून ती कार्बन डायऑक्साइडला देतात. डोळ्यांना न दिसणारा, 10.6 मायक्रोमीटर तरंगलांबीचा हा अवरक्त झोत पुढे कारखान्यातला खरा कामकरी ठरला. लाकूड, कापड, प्लास्टिक, धातू यांच्या कापणीत आणि शस्त्रक्रियेतही त्याने आपली जागा केली. कुठल्याही जिल्ह्याच्या गावी आज लग्नपत्रिकांचे नक्षीदार कागद आणि ॲक्रिलिकच्या पाट्या कापून देणाऱ्या यंत्रात बहुतेक वेळा याच जातीची नळी असते. वायूतल्या टकरींमधून ऊर्जा देण्याचे जे सर्वसाधारण तत्त्व गुल्डने 1959 च्या अर्जात मांडले होते, त्याच तत्त्वाच्या कक्षेत ही सारी वायू-लेसरांची शाखा येत होती. त्या वेळी मात्र गुल्डचे नाव कोणी घेत नव्हते. 1964 साली नोबेल पारितोषिक मिळाले टाउन्स यांना आणि मॉस्कोच्या बासोव्ह व प्रोखोरोव्ह यांना.

पेटंट कार्यालयात दुसरी लढाई चालू होती. त्या काळी अमेरिकेचा कायदा जगातल्या बहुतेक देशांहून वेगळा होता. अर्ज आधी कोणी केला यापेक्षा शोध आधी कोणी लावला, याला तिथे महत्त्व होते. म्हणून नोटरीची ती सही मोलाची होती. पण कायद्याची आणखी एक अट होती. कल्पना आधी सुचली असेल, तर प्रतिस्पर्ध्याच्या तारखेच्या आधीपासून स्वतःचा अर्ज दाखल होईपर्यंत तुम्ही तिचा पाठपुरावा सातत्याने केला, हे पुराव्यानिशी दाखवावे लागे. 1966 साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने याच मुद्द्यावर गुल्डविरुद्ध निकाल दिला. नोकरी सांभाळून, घरी बसून, मिळेल त्या वेळात त्याने अर्जावर काम केले होते. कोणत्या दिवशी काय केले, याची नोंद पुरेशी नव्हती. कल्पनेच्या दिवशी जपलेली तारखेची शिस्त नंतरच्या महिन्यांत राहिली नाही आणि तिथेच दावा पडला.

आणखी दावे झाले, बहुतेकांत हार झाली. 1973 सालच्या एका निकालाने तर मूळ अर्जावरच बोट ठेवले. त्या वर्णनावरून जाणकाराला प्रत्यक्ष लेसर बनवता आला असता असे दिसत नाही, असे न्यायालय म्हणाले. टीआरजी आधीच 1965 साली कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनने विकत घेतली होती. गुल्ड ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाला आणि पुढे प्रकाशतंतूंवर काम करणाऱ्या ऑप्टेलेकॉम या कंपनीच्या स्थापनेत सहभागी झाला. कंट्रोल डेटाला त्या जुन्या अर्जांत रस उरला नव्हता. गुल्डने क्षुल्लक रकमेत आपलेच हक्क परत विकत घेतले. व्यवहारी माणसाने त्याच दिवशी ते फडताळात टाकून दिले असते.

गुल्डने तसे केले नाही. लढायला पैसा नव्हता, म्हणून त्याने भविष्यातल्या उत्पन्नाचे वाटे विकायला सुरुवात केली. 1975 साली यूजीन लँग यांच्या रिफॅक या कंपनीने अर्ध्या वाट्याच्या बदल्यात कायदेशीर खर्च उचलला. नवे वकील रिचर्ड सॅम्युअल यांनी प्रकरण पहिल्यापासून वाचले आणि मोर्चा वळवला. टाउन्स-शॉलो यांच्या पेटंटचा भर आरशांच्या रचनेवर होता. पण लेसरचा प्राण प्रवर्धनात आहे, आणि अणूंना दिव्याने ऊर्जा देऊन प्रवर्धन घडवण्याची पद्धत गुल्डच्या अर्जात होती. मग आरशांसाठी भांडायचेच कशाला? ही वाट बरोबर निघाली. 11 ऑक्टोबर 1977 रोजी गुल्डला दिव्याने चालणाऱ्या लेसर-प्रवर्धकाचे पेटंट मिळाले. 1979 साली, त्याच्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, 17 जुलैला, दुसरे मिळाले : लेसरच्या झोताने पदार्थ तापवणे, कापणे, जोडणे अशा उपयोगांचे. वहीतल्या त्या नऊ पानांनी पाहिलेले स्वप्न आता कायद्याच्या भाषेत उतरले होते.

आणि इथेच काळाने सगळी गणिते पालटली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे अमेरिकन पेटंट मंजुरीच्या दिवसापासून सतरा वर्षे चाले. टाउन्स-शॉलो यांचे पेटंट मार्च 1960 चे, म्हणजे मार्च 1977 मध्ये ते संपले. त्यांच्या हक्काची सतरा वर्षे मुख्यतः अशा काळात गेली, जेव्हा लेसर प्रयोगशाळेतच होता आणि त्याचा बाजार जेमतेम उभा राहत होता. गुल्डचे पहिले पेटंट सुरू झाले ते सात महिन्यांनी, नेमके कारखाने, इस्पितळे आणि दळणवळण या सगळ्यांकडून लेसरला मागणी येऊ लागली तेव्हा. 1960 साली जिंकला असता, तर त्याला मिळाले असते त्याहून कितीतरी अधिक आता पदरात पडण्यासारखे होते.

उद्योग खवळला. एका मूलभूत पेटंटचे दिवस संपतात न संपतात तोच त्याच शोधाचे दुसरे पेटंट उभे राहिले, ही त्यांची तक्रार होती. ती अगदीच निराधार नव्हती. परवाना-शुल्क द्यायला बहुतेक कंपन्यांनी नकार दिला. 1980 च्या दशकारंभी अमेरिकेत पेटंटची फेरतपासणी मागण्याची नवी तरतूद आली आणि प्रतिस्पर्ध्यांनी तिचा लगेच आधार घेतला. पेटंट कार्यालयाने आपणच दिलेल्या पेटंटांमधले दावे नाकारले. गुल्डच्या बाजूने पॅटलेक्स नावाची कंपनी उभी राहिली. तिचे काम एकच, हे हक्क लढवणे. वायूच्या नळीतल्या टकरींबद्दलचा अर्ज कार्यालयाने फेटाळला, तेव्हा ती वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात गेली. 1985 च्या डिसेंबरमध्ये न्यायाधीश टॉमस फ्लॅनरी यांनी पेटंट द्यावे असा आदेश दिला. गुल्डचे वर्णन जाणकाराला पुरेसे होते, असे त्यांचे मत पडले. वरच्या न्यायालयाने 1987 साली ते उचलून धरले आणि 3 नोव्हेंबर 1987 रोजी तिसरे पेटंट हाती आले. मे 1988 मध्ये, नळीच्या टोकाला तिरकी काच बसवण्याच्या रचनेचे चौथे. मधल्या काळात फेरतपासणीत नाकारलेले दावेही अपिलात पुन्हा उभे राहिले होते. फ्लोरिडातल्या ओरलँडोमध्ये ज्यूरीने कंट्रोल लेसर या कंपनीविरुद्ध गुल्डच्या बाजूने कौल दिला आणि अखेर ती कंपनीच पॅटलेक्सच्या ताब्यात आली. मग बाकीच्यांनी एकापाठोपाठ एक परवाने घेतले.

गुल्डच्या हाती काय आले? खटल्यांसाठी त्याने उत्पन्नाचा सुमारे 80 टक्के वाटा आधीच विकलेला होता. तरी उरलेल्या वाट्यातून त्याला कित्येक दशलक्ष डॉलर मिळाले. 1991 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-गौरव दालनात त्याचे नाव लागले. नोबेल मिळाले नाही, डॉक्टरेट मिळाली नाही. 16 सप्टेंबर 2005 रोजी वयाच्या 85 व्या वर्षी तो वारला. त्याचे चौथे पेटंट त्याच वर्षीच्या मे महिन्यात संपले होते.

लेसरचा शोध कोणी लावला, या प्रश्नाला एकच नाव देण्याचा मोह टाळला पाहिजे. सिद्धान्त जगापुढे मांडला टाउन्स आणि शॉलो यांनी. त्यांच्या शोधनिबंधाशिवाय इतक्या प्रयोगशाळा इतक्या लवकर कामाला लागल्या नसत्या. यंत्र चालवले मेमन यांनी, आणि तेही तज्ज्ञांच्या मताविरुद्ध. गुल्डने त्यांच्याआधी संपूर्ण यंत्र कागदावर पाहिले, त्याला नाव दिले, त्याच्या उपयोगांची दिशा ओळखली. तिघांचे श्रेय खरे आहे आणि एकाचे मान्य केल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही. नोबेल समितीला, पेटंट कार्यालयाला आणि इतिहासाला वेगवेगळे प्रश्न पडतात, म्हणून त्यांची उत्तरेही वेगळी येतात.

पण पेटंट म्हणजे नुसते श्रेय नव्हे. तो समाज आणि संशोधक यांच्यातला करार आहे. संशोधकाने आपली विद्या उघड करायची, त्या बदल्यात समाजाने काही वर्षे तिच्यावरचा हक्क त्याला द्यायचा. या प्रकरणात त्या कराराची दोन्ही टोके दुखावली. गुल्डला तीस वर्षे तिष्ठत राहावे लागले, आणि त्यातली काही वर्षे तर सरकारनेच त्याला स्वतःच्या कामापासून तोडले. दुसरीकडे, त्याचा अर्ज अमेरिकेत मंजुरीपर्यंत गुप्तच राहत असल्याने, नंतर लेसर बनवणाऱ्यांना हे देणे आपल्या डोक्यावर येणार आहे याची कल्पनाच नव्हती. मला गुल्डचा विजय न्याय्य वाटतो. पण त्याला जो उशीर लागला, त्याची भरपाई विजयाने झाली नाही, ना त्याची, ना इतरांची.

अमेरिकेने यातले बरेचसे पुढे बदलले. 1995 पासून पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे झाली, त्यामुळे लांबलेल्या अर्जाला बक्षीस मिळणे बंद झाले. 2000 सालापासून बहुतेक अर्ज अठरा महिन्यांनी जाहीर होऊ लागले. आणि 16 मार्च 2013 पासून तिथेही जो आधी अर्ज करील, त्याचा हक्क मानला जाऊ लागला. आज अशी वही नोटरीकडे नेली, तर आधी कोण या वादात तिला आधीसारखे वजन राहणार नाही. भारतात तर अर्जाच्या तारखेलाच महत्त्व आहे, आणि मुदतही अर्जापासून वीस वर्षांचीच.

म्हणून पुण्यात, नाशकात किंवा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये नवे काही जुळवू पाहणाऱ्याने गुल्डकडून शिकायचे ते नेमके एवढे : कल्पनेला तारीख घाला, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या कायद्यात तात्पुरत्या वर्णनाचा अर्ज आधी करून बारा महिन्यांत संपूर्ण तपशील देण्याची सोय आहे, आणि त्यासाठी चालते यंत्र लागत नाही. मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात ही कामे रोज चालतात. जाणकाराला वाचून यंत्र बनवता येईल असे लिहा, रोजच्या कामाची नोंद ठेवा आणि ऐकीव माहितीवर वेळ दवडू नका. गुल्डच्या बुद्धीत उणे काहीच नव्हते. उणे होते ते एका योग्य सल्ल्याचे, आणि त्या एका उणिवेने माणसाच्या आयुष्यातली तीस वर्षे नेली.